व्हॉल्व्हचा प्रीअँप गुणगुणतो आणि तापतो, तेव्हा

घरी जुळवलेला व्हॉल्व्हचा (म्हणजे काचेच्या नळीचा) माइक प्रीअँप, माइकचा बारीक सिग्नल वाढवणारा डबा, पहिल्यांदा सुरू केला की दहा-पंधरा सेकंद काहीच होत नाही. मग काचेत नारिंगी ठिपका उजळतो, हेडफोनमध्ये हलकी सळसळ येते आणि तिच्या मागोमाग गुणगुण येते: 'हूंऽऽऽ'. माइकसमोर कोणी बोललं तर आवाज छान, भरदार येतो. पण थांबलं की पुन्हा हूंऽऽऽ. माझ्या डब्यात आणखी एक गंमत होती. चाळीस मिनिटांनी ट्रान्सफॉर्मरवर बोट ठेववेना.

मी या दोन तक्रारी वेगळ्या धरल्या. एक रविवार गुणगुण शोधण्यात घालवला, दुसरा थंड करण्यात. मागच्या पत्र्याला भोकं पाडली, कॉम्प्युटरमधला छोटा पंखा लावला. त्या पंख्याची घरघरही माइकमध्ये यायला लागली. पुढे कळलं की दोन्ही एकाच पोटचे होते. बऱ्याच डब्यांत ते तसेच असतात, आणि एकावर केलेला उपाय दुसऱ्याला वाढवतो. म्हणून इथे दोघांचं एकत्रच बघू.

आधी जिवाचं. या डब्यात २५० ते ३०० व्होल्ट डीसी असतात. प्लग काढला तरी डीसी गुळगुळीत करणाऱ्या फिल्टर कपॅसिटरमध्ये ते साठून राहतात, कधी कधी दुसऱ्या दिवसापर्यंत. पहिल्या कपॅसिटरच्या दोन टोकांवर २२० किलोओहम, २ वॉटचा रेझिस्टर कायमचा जोडून टाका. बंद केल्यावर तो साठा हळूहळू रिकामा करतो. तरीही हात घालण्याआधी मीटर लावून बघायचंच. चालू डब्यात मोजायचं असेल तर मीटरची काळी क्लिप आधी चासीला, म्हणजे डब्याच्या पत्र्याला, अडकवायची आणि एकच हात वापरायचा, दुसरा खिशात. आणि थ्री-पिनचा अर्थ काढला की गुणगुण जाते, असं सांगणारा कोणीतरी भेटेलच. जाते कधी कधी. पण आत एखादी वायर सुटून पत्र्याला टेकली तर माइक धरलेला गायक म्हणजेच तुमचं अर्थिंग. हा उपाय करायचा नाही, तात्पुरतासुद्धा नाही.

आता, गुणगुण इतकी ठळक का ऐकू येते? हातात धरायच्या साध्या डायनॅमिक माइकमधून जवळून बोलल्यावर साधारण १ ते २ मिलिव्होल्ट मिळतात. रेकॉर्डिंगला व्होल्टाच्या आसपास हवं, म्हणजे आवाज हजारपट करायचा. मग आत कुठेतरी २ मायक्रोव्होल्टची भेसळ झाली तर तीही हजारपट होऊन बाहेर पडते. गाण्याच्या अँपमध्ये जी वायरिंग चालून जाते, ती इथे चालत नाही, ती यामुळे.

पहिलं हत्यार म्हणजे कान. आपल्याकडची वीज ५० हर्ट्‌झची. थेट एसीतून आलेली गुणगुण ५० हर्ट्‌झची असते. एसीचं डीसी करताना ब्रिज रेक्टिफायर दोन्ही अर्धी वापरतो, त्यामुळे फिल्टर नीट नसेल तर येणारी गुणगुण १०० हर्ट्‌झची. पेटी वाजवणाऱ्यांना हे पटकन कळेल: १०० हर्ट्‌झ म्हणजे खर्जातली पांढरी पाच, किंचित चढी. ५० म्हणजे तिच्याही खाली एक सप्तक, ऐकू येण्यापेक्षा जाणवणारी. इंटरनेटवरच्या अमेरिकन सर्किटच्या नकाशांसोबत ६० आणि १२० असे आकडे दिसतील, तिथली वीज ६० हर्ट्‌झची आहे म्हणून. हे फोनच्या स्पीकरवर ऐकू नका, त्याला ५० हर्ट्‌झ पेलतच नाही. बंद कपांचा हेडफोन लागतो. तिसरा आवाज गोल नसतो, खरखरीत असतो, झर्रर्र असा. तो बहुधा अर्थिंगच्या घोळाचा, पंख्याच्या इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरचा किंवा चौकोनी लाटेच्या घरगुती इन्व्हर्टरचा. लाइट गेल्यावर गुणगुण बदलून झर्रर्र होत असेल तर आधी इन्व्हर्टरकडे बघा. असल्या इन्व्हर्टरवर ट्रान्सफॉर्मरही जास्त तापतो.

म्हणजे १०० ऐकू आले तर फिल्टर, ५० ऐकू आले तर हीटर (व्हॉल्व्हमधला कॅथोड, म्हणजे इलेक्ट्रॉन सोडणारं टोक, तापवणारी तार) किंवा चुंबकत्व, झर्रर्र आलं तर ग्राउंड. ही वाटणी शंभर टक्के खरी नसते, पण कुठून सुरुवात करायची ते कळतं.

मग जागा शोधायची. व्हॉल्यूम शून्यावर आणूनही गुणगुण तेवढीच राहिली तर दोष व्हॉल्यूमच्या पुढच्या, आउटपुटकडच्या भागात. कमी झाली तर मागच्या. माइकच्या जागी एक रिकामा एक्सएलआर प्लग (माइकचा तीन पिनांचा) घ्या, त्याच्या पिन २ आणि ३ मध्ये १५० ओहमचा रेझिस्टर सोल्डर करा आणि लावा. आता शांत झालं तर डब्याचा दोष नाही, केबलचा किंवा माइकचा आहे. नाही झालं तर बंद करून पहिला व्हॉल्व्ह काढा आणि पुन्हा ऐका. एवढ्या तीन गोष्टींत शोध एका व्हॉल्व्हपुरता येतो. नकाशा समोर घेऊन तर्क करत बसण्यापेक्षा हे बरं. मी आधी तर्कच करत बसलो होतो.

माझ्या डब्यात दोन ईसीसी८३ होते, अमेरिकन नाव १२एएक्स७. या व्हॉल्व्हच्या हीटरचे दोन भाग असतात आणि ते दोन तऱ्हांनी जोडता येतात. पिन ४ आणि ५ एकत्र करून पिन ९ शी ६.३ व्होल्ट दिले तर एक व्हॉल्व्ह ३०० मिलिअँपिअर घेतो. पिन ९ मोकळी सोडून ४ आणि ५ मध्ये १२.६ व्होल्ट दिले तर १५०. मी ६.३ ची तऱ्हा घेतली, कारण ट्रान्सफॉर्मरवर ६.३ व्होल्ट, १ अँपिअरची वाइंडिंग (तारेचं वेटोळं) तयार होती. दोन व्हॉल्व्हचे ६०० मिलिअँपिअर, म्हणजे भरपूर शिल्लक, असा माझा हिशोब. गुणगुण नको म्हणून हीटरला एसीऐवजी डीसी दिलं: ब्रिज, ४७०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि व्होल्टेज सहावर स्थिर ठेवणारा ७८०६ रेग्युलेटर. कागदावर झकास.

आणि कानात खणखणीत १०० हर्ट्‌झ.

एका संध्याकाळी वैतागून बाइकची १२ व्होल्टची बॅटरी काढून आणली, वायरमध्ये १ अँपिअरचा फ्यूज टाकला आणि दोन्ही व्हॉल्व्हचे हीटर १२ च्या तऱ्हेने जोडून तिच्यावर चालवले. गुणगुण गेली. हे अपेक्षितच होतं, दोष हीटरच्या सप्लायमध्ये आहे एवढं सिद्ध झालं. अपेक्षित नव्हतं ते तासाभराने कळलं: ट्रान्सफॉर्मर कोमट होता. एक वायर सोडवली आणि दोन्ही तक्रारी गेल्या.

का, ते समजून घेण्यासारखं आहे. ६.३ व्होल्ट एसी ब्रिजमधून कपॅसिटरवर गेले की शिखर मिळतं ८.९ चं, त्यातून दोन डायोड दीड-पावणेदोन व्होल्ट खातात. उरले सव्वासात. रेग्युलेटरला ६ व्होल्ट द्यायला आत साधारण ८ लागतात. म्हणजे तो मुळातच उपाशी. त्यात कपॅसिटरवरचा व्होल्टेज दोन शिखरांच्या मध्ये खाली घसरतो. किती, ते सोप्या भागाकाराने निघतं: ०.६ अँपिअर भागिले १०० हर्ट्‌झ, भागिले ०.००४७ फॅरड, म्हणजे सव्वा व्होल्टाच्या आसपास. तळ सहाजवळ आला. उपाशी रेग्युलेटर काही गुळगुळीत करत नाही, ती १०० हर्ट्‌झची लाट जशीच्या तशी पुढे ढकलतो.

आता तापण्याचं. कपॅसिटर सतत भरत नाही. लाटेच्या शिखराशी, थोडाच वेळ, एकदम घोट घेतो. दिवसातून अर्धा तास पाणी येतं तेव्हा सगळी टाकी त्या अर्ध्या तासात भरायची, तसं. तारेचं तापणं करंटच्या वर्गावर चालतं, म्हणून असे मोठे घोट तिला सरळ प्रवाहापेक्षा फार जड जातात. व्यवहारातला आकडा असा की ब्रिज आणि कपॅसिटर लावून जितकं डीसी घ्याल त्याच्या १.६ ते १.८ पट करंट वाइंडिंगला सोसावा लागतो. माझे ०.६ म्हणजे तिच्यासाठी १ अँपिअरच्या आसपास. भरपूर शिल्लक कसली, ती काठोकाठ भरली होती. आणि गुणगुण जाईना म्हणून मी ४७०० च्या जागी १०,००० मायक्रोफॅरड टाकला होता, त्याने घोट आणखी आखूड आणि मोठे झाले.

दुरुस्ती साधी निघाली. १५ व्होल्ट, १ अँपिअरचा वेगळा छोटा ट्रान्सफॉर्मर, तोच ४७०० चा कपॅसिटर, ७८१२ रेग्युलेटर आणि हीटर १२ च्या तऱ्हेने. १२.६ ऐवजी १२ म्हणजे पाच टक्के कमी, ईसीसी८३ ला चालतं. करंट निम्म्यावर आला, ३०० मिलिअँपिअर. रेग्युलेटरवर साधारण ७ व्होल्ट पडतात, म्हणजे २ वॉट उष्णता. हीटसिंक हवाच, नाहीतर तो तापून स्वतःला बंद करतो, गार झाला की चालू होतो आणि आवाज श्वास घेतल्यासारखा ये-जा करतो. ७८१२ ची पाठ ग्राउंडला जोडलेली असते, एलएम३१७ या दुसऱ्या रेग्युलेटरची आउटपुटला. दोन्ही पत्र्यावर कसताना अभ्रकाचा किंवा सिलिकॉनचा पॅड आणि स्क्रूला प्लॅस्टिकची बुशिंग घाला.

डीसी दिलं म्हणजे काम संपलं असंही नाही. हीटरचा सप्लाय अधांतरी सोडला, त्याचं एक टोक ग्राउंडला जोडलं नाही, तर डीसी असूनही गुणगुण राहते. हे मी दोन मित्रांच्या डब्यांत पाहिलं आहे आणि दोघांनीही आधी व्हॉल्व्हलाच शिव्या दिल्या होत्या.

एसीवर हीटर चालवणं वाईट नाही, हेही सांगायला हवं. दोन्ही वायरी एकमेकींना घट्ट पीळ घालून पत्र्याच्या कोपऱ्यातून न्यायच्या, सिग्नलच्या वायरीला ओलांडायचं झालं तर काटकोनात. वाइंडिंगला मधला टॅप नसेल तर दोन टोकांपासून १००-१०० ओहमचे रेझिस्टर आणून मध्यबिंदू बनवायचा आणि तो ग्राउंडला द्यायचा. त्याहून चांगलं म्हणजे तो मध्यबिंदू ३० ते ६० व्होल्ट डीसीवर उचलून ठेवायचा. हीटर कॅथोडपेक्षा वरच्या व्होल्टेजला गेला की हीटरकडून कॅथोडकडे होणारी गळती बरीच आटते. दुसऱ्या-तिसऱ्या व्हॉल्व्हला एवढं पुरतं. पहिल्यासाठी मात्र मी डीसीच घेईन. ईएफ८६ हा पेंटोड (पाच टोकांचा व्हॉल्व्ह) तर अशाच कामासाठी बनवला होता: हीटर दुहेरी पिळाचा, आत स्वतंत्र जाळीचा आडोसा. तो मिळाला तर पहिल्या जागी बसवावा.

एका सापळ्याची नोंद. ईसीसी८३ च्या जागी ईसीसी८८ सहज बसतो, पिना सारख्या नऊच. पण त्याचा हीटर फक्त ४ आणि ५ मध्ये आणि ६.३ व्होल्टचा. पिन ९ आतल्या पत्र्याच्या आडोशाची. १२ व्होल्टच्या सॉकेटमध्ये तो खोचला तर क्षणभर फार सुंदर उजळतो.

आता ग्राउंड. यावर लोक तासन्‌तास भांडतात, पण मुद्दा एवढाच की वायर म्हणजे शून्य ओहम नव्हे. अर्ध्या चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या ३० सेंटिमीटर तारेला सुमारे १० मिलिओहम रेझिस्टन्स असतो. हीटरच्या ब्रिजचे घोट ३ अँपिअरपर्यंत जातात. ते या तारेतून गेले तर तिच्या दोन टोकांत ३० मिलिव्होल्ट उभे राहतात, आणि तुमचा माइक देतोय दीड! त्याच तारेवर पहिल्या व्हॉल्व्हचं ग्राउंड टेकवलं असेल तर काय होणार ते दिसतंच आहे. म्हणून वाइंडिंग, ब्रिज आणि पहिला कपॅसिटर हा फेरा आपल्यातच पूर्ण व्हायला हवा. बाकीच्यांचं ग्राउंड त्या कपॅसिटरच्या उणे टोकावरून पुढे निघेल, फेऱ्याच्या मधूनच नाही. मग व्हॉल्व्हच्या क्रमाने वायर माइकच्या बाजूला न्यायची आणि तिथे, फक्त तिथे, पत्र्याला जोडायची.

माइकच्या सॉकेटची पिन १ म्हणजे केबलची जाळी. ती थेट पत्र्याला, सॉकेटजवळच, आखूड वायरने. आतल्या सिग्नल ग्राउंडला लांबवर नेऊन जोडली तर केबलने गोळा केलेला सगळा कचरा घरात येतो. नील मन्सी यांनी १९९५ मध्ये ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात यावर लिहिलं, आणि व्यावसायिक साहित्यातही ही चूक सर्रास असते हे लोकांच्या लक्षात आलं. तेव्हापासून तिला नावच पडलं, पिन-एकचा दोष.

लॅपटॉपला जोडल्यावरच गुणगुण येत असेल तर चार्जर काढून बॅटरीवर ऐका. थांबली तर अर्थिंगचे दोन रस्ते झालेत. आउटपुटला ६००:६०० ओहमचा ऑडिओ ट्रान्सफॉर्मर टाकला की रस्ता तुटतो आणि थ्री-पिनला हात लावावा लागत नाही.

उरलं चुंबकत्व, ज्याला वायरिंग कितीही नीट असलं तरी फरक पडत नाही. पॉवर ट्रान्सफॉर्मर भोवती ५० हर्ट्‌झचं क्षेत्र सांडत असतो आणि माइकचा इनपुट ट्रान्सफॉर्मर ते झेलायला बसलेलाच असतो, त्याचं कामच ते. ओळखायची खूण: इनपुट ट्रान्सफॉर्मर हाताने फिरवला की गुणगुण कमी-जास्त होते. अॅल्युमिनियमचा पत्रा ५० हर्ट्‌झच्या चुंबकत्वाला जवळजवळ अडवतच नाही. लोखंडी थोडं अडवतो. म्यूमेटल या खास मिश्रधातूचा डबा चांगला, पण महाग. सगळ्यात स्वस्त म्हणजे अंतर, कारण हे क्षेत्र अंतराच्या घनाने विरतं. अंतर दुप्पट केलं की एक अष्टमांश.

इथे पुन्हा ताप आणि गुणगुण एकत्र येतात. ट्रान्सफॉर्मर बांधणाऱ्याने तार वाचवायला प्रायमरीचे (मेन्सकडच्या वाइंडिंगचे) फेरे कमी टाकले, किंवा २२० धरून बांधला आणि तुमच्याकडे रात्री २५० येतात, तर गाभा शिखराशी चुंबकत्वाने तुडुंब भरतो. मग प्रायमरी जास्त करंट ओढते, ट्रान्सफॉर्मर तापतो आणि क्षेत्र कितीतरी जास्त बाहेर सांडतं. तपासणी सोपी: सेकंडरीच्या (डब्याला वीज देणाऱ्या वाइंडिंगच्या) सगळ्या वायरी सोडवून, टोकं वेगवेगळी टेपने झाकून, नुसता ट्रान्सफॉर्मर तासभर चालू ठेवा. काहीच न चालवता गरम झाला तर दोष त्याचाच. मी नव्याने बांधून घेतलेला पहिला ट्रान्सफॉर्मर याच परीक्षेत नापास झाला.

गरम म्हणजे किती? बोट फसवतं. साठ अंशांवर दोन-तीन सेकंदांत हात मागे येतो, पण साठ अंश ट्रान्सफॉर्मरला काहीच नाहीत. खरं तापमान तांब्यालाच विचारा. थंड असताना, प्लग काढून, प्रायमरीचा रेझिस्टन्स मोजा. दोन तास चालवून, प्लग काढून, लगेच पुन्हा मोजा. खोली ३० अंशांवर असेल आणि १०० ओहमचे १२० झाले असतील तर वाइंडिंग ५३ अंशांनी चढून ८३ ला गेली आहे. साध्या इन्सुलेशनची मर्यादा १०५ अंश धरतात. पुण्यात जानेवारीत ही परीक्षा पास झाली म्हणून निर्धास्त राहू नका. तोच डबा मे महिन्यात चंद्रपूरला ४५ अंशांत ठेवला तर तो आकडा शंभरीच्या जवळ जातो.

व्हॉल्व्ह स्वतः गरमच असणार, एका ईसीसी८३ चा हीटरच जवळपास १.९ वॉटचा. प्लेटला (इलेक्ट्रॉन गोळा करणाऱ्या टोकाला) १०० किलोओहमचा रेझिस्टर असेल तर प्लेट लाल होण्याइतका करंट जाऊच शकत नाही. शेवटी कॅथोड फॉलोअर (कॅथोडवरून आउटपुट घेणारा टप्पा) असेल, ज्याच्या प्लेटला रेझिस्टर नसतो, तर मात्र बघा: आधीच्या, दोन टप्पे जोडणाऱ्या कपलिंग कपॅसिटरमधून डीसी गळू लागलं की तो बेफाम करंट ओढतो. नवा डबा पहिल्यांदा सुरू करताना ६० वॉटचा जुना पिवळा बल्ब सिरीजमध्ये लावा, रेडिओ दुरुस्त करणाऱ्यांकडे असे बोर्ड असायचे. क्षणभर उजळून मंदावला तर ठीक, तसाच प्रखर राहिला तर आत शॉर्ट आहे.

इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर व्हॉल्व्हला चिकटून बसवू नका. ढोबळ नियम असा की दर १० अंशांना त्याचं आयुष्य निम्मं होतं. ८५ ऐवजी १०५ अंश छापलेला घ्या, फरक थोड्या रुपयांचा असतो. वाळलेला कपॅसिटर वर्ष-दोन वर्षांनी १०० हर्ट्‌झ घेऊन परत येतो, आणि तोवर हा डबा शांत होता हे तुम्हाला आठवत असतं म्हणून शोध भलतीकडे जातो. संशय आला तर बंद अवस्थेत ४७ मायक्रोफॅरड, ४५० व्होल्टचा नवा कपॅसिटर धन-उणे बघून जुन्याला समांतर जोडा, मग चालू करा. गुणगुण कमी झाली की कळलं.

माझ्या डब्यातला पॉवर ट्रान्सफॉर्मर शेवटी मी बाहेरच काढला, वेगळ्या लोखंडी पेटीत, मीटरभर केबलवर. नॉयमनच्या यू४७ सारख्या जुन्या व्हॉल्व्ह माइकांचा सप्लायही असाच वेगळ्या पेटीत असायचा. त्या केबलला कनेक्टर निवडताना सप्लायच्या पेटीवर भोकांचा लावा, काट्यांचा प्रीअँपवर. उलटं केलंत तर केबल सुटलेली असताना २८० व्होल्ट उघड्या काट्यांवर उभे असतात.